बोटीवर घरचं पानी

गावात आल्यापास्नं बाया इचारतात, "चांगुना गो, बोटीवर काय काय बघितलंस?" एकेकीला सांगून तोंड दमलं. त्यात एक गोष्ट अशी हाय, ती तोंडानं सांगायला गेले का गळ्यात अडकते. म्हनून लिवते. मी दुसरी शिकलेली. अक्षर वाकडं येतं आनि हात भरून येतो, पन मिठागरात जन्म काढलेल्या हाताला एवढं काय नाय.

सुनंदा माजी एकुलती एक लेक. पेनला रामवाडीत ऱ्हाते. तिचा नवरा विलास रोह्याला केमिकलच्या कंपनीत हाय, शिफ्टनं जातो. त्याच्या कंपनीतल्या पाच-सहा घरांनी मिळून ठरवलं, मुंबैहून मोठी बोट सुटते ती गोव्याला जाऊन परत येते, तिच्यात बसायचं. विलासच्या आईचं पन तिकीट काढलं होतं. ऐनवेळी तिचे गुडघे सुजले. सुनंदाचा फोन आला, "आये, तू चल. एरवी तू कवा जानार?"

मी नाय म्हनले असते. दर्याचं आनि माजं बोलनं नाय. पन मी इचारलं, "बोट खांदेरीच्या बाहेरून जाते का?"

विलास मागून वरडला, "आई, मुंबैहून गोव्याला जायला दुसरा रस्ता हाय का?"

मंग मी म्हनले, येते.

खांदेरी म्हंजे मुंबैच्या बाहेर दर्यातलं दिव्याचं बेट. तिचं काय ते आधी सांगते, नायतर पुढचं कळनार नाय.

आमचं गाव खाडीच्या कडेला. सगळीकडं पानी, प्यायला थेंब नाय. माजा मानूस मिठाच्या मचव्यावर खलाशी होता. धरमतरच्या खाडीतून मीठ भरायचं, मुंबैला उतरवायचं, चार दिसांनी परत. आमच्यात रीत अशी, मानूस खाऱ्या पान्यावर निघाला का घरच्या बाईनं मडकीत गोडं पानी भरून द्यायचं, तोंडाला फडकं बांधून. भाकरी इसरली तरी चालंल, मडकी नाय. वाटेत दुसऱ्या मचव्यानं हाक मारून पानी मागितलं तर आधी पानी द्यायचं, मंग इचारायचं कोन, कुठला. पान्याला कोन नाय म्हनत नसे.

त्या वर्सी चैतात तळं आटलं. कासूच्या अंगाला डोंगराखाली एक विहीर होती. बांधाबांधानं दोन तास जायचं, दोन तास यायचं. सुनंदा तवा दीड वर्साची. तिला उलट्या-जुलाब लागले होते. पेनच्या डाक्तरनं सांगितलं, पोरीला सारखं पानी पाजत ऱ्हा. मी कळशी घेऊन घरी आले तर हा मडकी घेऊन दारात उभा. मचवा भरतीवर निघनार होता.

मी म्हनले, "पोरीला लागंल. तुमी रेवसाच्या बंदरात भरून घ्या."

तो म्हनाला, "बरं." रिकामी मडकी खांद्याला अडकवली आनि गेला. रागावला नाय. रागावला असता तर बरं झालं असतं.

रेवसाला मचवा थांबलाच नाय, वारा चांगला मिळाला होता. मुंबैच्या तोंडाशी डोलकाठी मोडली आनि ओहोटीनं मचवा खांदेरीच्या बाहेर ओढून नेला. तीन दिस नुसता वाहत होता. तिघं होते. दोघांच्या मडक्या तिघांत किती पुरनार? दोघं परत आले. त्यातल्या एकानं मला सांगितलं, दुसऱ्या दिसापास्नं तो पानी मागत होता, तिसऱ्या दिशी खारं प्यायला. त्याला दर्यातच सोडावं लागलं.

तवापास्नं एकच डोक्यात होतं. एकदा तितं जायचं आनि त्याला घरचं गोडं पानी द्यायचं. सुनंदाला एवढंच माहीत, बाप दर्यात गेला. पान्याचं मी तिला कवाच सांगितलं नाय.

कासू

निघायच्या आदल्या दिशी मी कासूला गेले. विहीर हाय अजून. वर लोखंडाची जाळी टाकलीय, एका कोपऱ्याला पोहरा जाईल एवढी फट. माज्याकडं नुसती काचेची बाटली, ना पोहरा ना दोर. शेजारच्या घरातून एक बाई बाहेर आली.

"आजी, काय पायजे?"

"पानी."

"ह्या विहिरीचं? गो, हे आता कोन पीत नाय. नळ आलाय. नळाचं देते ना."

"मला प्यायला नको."

तिनं माज्याकडं बघितलं, मंग हातातल्या बाटलीकडं. "देवाला?"

"नाय. मानसाला."

तिनं पुढं इचारलं नाय. घरातून पोहरा आनला, दोघींनी मिळून ओढला. मी एक घोट घेतला. चव तीच, थंडगार आनि जरा दगडाची. बाटली चिंचेनं घासून नेली होती. ती भरली, बूच लावलं, वर पांढरं फडकं घातलं आनि दोऱ्याचे वेढे देऊन गाठ मारली. सासूनं शिकवलेली गाठ. ओढली का एका झटक्यात सुटते, हलवली तर सुटत नाय. मचव्यावर एका हातानं सोडता यायला पायजे ना.

पेनची गाडी यायला येळ होता. फलाटावर मी एकटीच, मांडीवर बाटली. समोर भाताची खाचरं कापून मोकळी झालेली. तरनी होते तवा ह्याच वाटेनं डोक्यावर कळशी घेऊन जायचे, तवा गाडी नव्हती. मला वाटलं, आता कोनीतरी इचारावं, आजी कुठं चाललात. कोन नव्हतंच इचारायला.

रामवाडी

सुनंदाच्या घरी बांधाबांध चालू होती. विलासचे दोन दोस्त आले होते. बोलनं एकच, पिन्याचं.

"बाहेरचं काय नेऊ देत नाय. पानी पन नाय."

"आनि वर घेतलं तर हितल्या आख्ख्या बाटलीच्या पैशात तितं एक पेला."

"मंग काय तीन दिस सुकं ऱ्हायचं?"

मंग एकेक युक्त्या निघाल्या. एकाच्या मेव्हन्यानं म्हनं शांपूच्या बाटलीतून नेली होती, पन बाटली नीट धुतली नाय. दोन घोटांत तोंडाला फेस. सगळे हसले. मी पन हसले. सुनंदा म्हनाली, "आये बसलीय, जरा लाज धरा." विलास म्हनाला, "आई काय, आपल्यातल्याच हायत."

मी बाटली ओट्यावर ठेवली.

"हे काय आये?"

"कासूच्या विहिरीचं पानी."

"कशाला गो?"

"असू दे."

तिला वाटलं, म्हातारीला बाहेरचं पानी बाधतं. विलास दारात उभा होता. त्यानं त्या फडकं बांधलेल्या बाटलीकडं बघितलं आनि मंग माज्याकडं. मी ते बघितलं, पन त्यात काय बघायचं असं मला तवा वाटलं नाय.

मुंबैचा धक्का

बोट म्हंजे मला मचवा, नायतर रेवसाची लाँच. ही बोट कसली, पेनच्या बाजारातली सगळी घरं एकावर एक रचली तर एवढी होतील. मान वर करून बघताना माजा पदर खाली पडला.

पिशव्या मशीनमधून घालतात. माजी पिशवी तितंच थांबली. खाकी शर्टातल्या एका बाईनं ती बाजूला घेतली. चाळिशीची असंल, कपाळाला बारीक टिकली.

"आजी, ह्यात काय?"

"पानी."

"पानी नेता येत नाय. वर मिळतं."

"इकत?"

"व्हय, इकत."

"बाय, मला ते नको. हे घरचं हाय."

तिनं मान वर केली. "कुठल्या तुमी?"

"पेनच्या. खाडीवरच्या."

"मी रोह्याची." ती जरा हळू बोलायला लागली. "फडकं कशाला बांधलंय?"

"दर्यावर निघताना बांधतात."

"माहीत हाय मला. माजा आजा कुंडलिका नदीत होडी चालवायचा. आजी अशीच बांधून द्यायची." तिनं बाटली उजेडात धरली. आतलं आरपार दिसत होतं. "नुसतं पानी ना, आजी?"

"नुसतं पानी."

"जा. आनि कोनाला सांगू नका."

बाटली हातात घेतली तवा गाठीवर नजर गेली. गाठ माजी नव्हती. दुहेरी, घट्ट, पोत्याला मारतात तशी. मला वाटलं, म्हातारपन, बोटं चुकली असतील. विलास माज्या मागं उभा होता, अंगातून घाम निथळत होता. मला वाटलं, उकाडा.

पहिली सांज

मला दिलेली खोली चांगली होती. पांढरी गादी, भिंतीत नळ, गार हवा. खिडकी नव्हती. दर्यात असून दर्या दिसत नाय, लाट ऐकू येत नाय. कपाटात घालून ठेवल्यासारखं वाटलं. शेजारच्या खोलीत विलास आनि सुनंदा. तिला मैत्रिनींनी हाक मारली, ती मला म्हनाली, "आये, तू जरा पड, मी आलेच." ती काय लवकर येनार नव्हती आनि मला पडायचं नव्हतं.

बाटली पदराखाली घेऊन मी वर गेले. बोट हलली ती कळली पन नाय. धक्का मागं सरकायला लागला तवा कळलं. वर सगळीकडं गानी लावलेली, लोक हात वर करून नाचत होते. मी मागच्या अंगाला कठड्यापाशी जाऊन उभी ऱ्हायले. तितं एक मानूस कठडा पुसत होता, रत्नागिरीकडचा. त्याला इचारलं, खांदेरी कुठं?

त्यानं फडक्यानंच दाखवलं. "ती बघा, दिवा लागतोय बघा आता. तीच."

सूर्य पान्याला टेकला होता. दिवा एकदा लागला, विझला, परत लागला. मी तो बाजूला येईपर्यंत थांबले. मनात म्हनले, घ्या, उशीर झाला. गाठ ओढली. सुटेना. दातानं दोरा तोडला, बूच फिरवलं, बाटली कठड्यावरून कलती केली आनि वास आला.

दारूचा वास मला कोनी ओळखून द्यायला नको. दिवसभर खाऱ्या चिखलात उभ्या ऱ्हानाऱ्या मानसांचं संध्याकाळचं औषध तेच. माजा मानूस पन कवामवा घेई, पन मचव्यावर कवाच नाय. दर्यावर निघाला का आदल्या दिसापास्नं शिवत नसे. आनि मी त्याला ती पाजायला निघाले होते. मी बाटली झटकन सरळ केली. एखादा घोट खाली पडला का नाय, ते मला नक्की सांगता येत नाय. अजून त्याचा इचार येतो.

बोट काय आपल्यासाठी थांबत नाय. दिवा मागं गेला.

विलास दोस्तांबरोबर वरच्या पोहायच्या हौदापाशी बसला होता. गान्याचा आवाज एवढा का मला वरडावं लागलं.

"विलासराव, माज्या बाटलीत काय घातलंत?"

"उघडली का आई? द्या, द्या. मघापास्नं तिचीच वाट बघतोय."

एक दोस्त उठून माज्या पाया पडला. "आईंनी बाजी मारली! एवढी मानसं पकडली, आई सुटल्या. आईंना हार घाला रे!"

"पानी कुठं गेलं?"

"तुळशीत ओतलं, आई. वाया नाय घालवलं. पानी काय, हितं पायजे तेवढं मिळंल. हे नाय मिळत."

मी बाटली त्याच्यापुढं ठेवली. "हे तुमचं. बाटली मला परत द्या. धुऊन."

त्याचं हसू थोडं कमी झालं. "रागावलात?"

"नाय."

खरंच नाय. रागावून कासूचं पानी परत येनार होतं का? मला लाज वाटत होती ती रोह्याच्या त्या बाईची. तिनं माजं तोंड बघून सोडलं आनि मी तिच्याशी खोटं बोलले. उतरताना तिला गाठून सांगायचं ठरवलं होतं, पन तवा तिची पाळी नव्हती, दुसरीच बाई होती. म्हनून हितं लिवते. बाय, मला माहीत नव्हतं गो.

मधले दिस

गोव्याला बोट लागली तवा बाकीचे उतरून फिरून आले. मी उतरले नाय. दुसरा आख्खा दिस परतीचा, नुसता दर्यातच.

बायांनी इचारलं म्हनून बोटीवरचं थोडं सांगते. जेवान अमाप. ताट घेऊन रांगेत उभं ऱ्हायचं आनि पायजे ते वाढून घ्यायचं. मासा होता, पन त्याला काटा नाय, डोकं नाय, कुठला मासा तेच कळत नाय. भात मोकळा, शितं मोजून घ्यावी असा, हातानं कालवायला गेलं का पळतो. मी हातानंच जेवले. पलीकडच्या मेजावरची एक छोटी पोर माज्याकडं बघत ऱ्हायली आनि मंग तिनं पन चमचा ठेवून दिला.

खोलीला कुलूप नाय, पत्त्यासारखं एक कार्ड असतं. ते आत ठेवून मी दार ओढून घेतलं. मंग बोळात उभी. सगळी दारं एकसारखी. कोनाला सांगावं तर माजी खोली कुठली हेच मला सांगता येईना. तासभर तितंच भिंतीला टेकून बसले. जानारे-येनारे म्हनायचे, "हॅलो आंटी." मी पन म्हनायचे, "व्हय." शेवटी साफसफाईवाल्या पोरीनं नाव इचारून दार उघडून दिलं.

सुनंदाच्या मैत्रिनींनी घरून कोकमाचं आगळ आनलं होतं, खोबरेल तेलाच्या बाटलीत लपवून. सरबत केलं तर वर तेलाचे डोळे. "केसाला लावू का पिऊ?" अशी एकमेकींना चिडवत त्यांनी ते संपवलं, कारन वरचं सरबत इकत घ्यायला जीव होत नव्हता. पान्याची बंद बाटली पन इकत. मेजावर ठेवलेली असते, उघडली का नावावर लागते. आमच्या खाडीत वैऱ्याच्या मचव्याला पन पानी असंच देत, हितं शेजारी बसलेला मानूस आपली बाटली आपल्याकडं ओढून घेतो. मी त्यांना नावं ठेवत नाय. दारात उभ्या असलेल्या मानसाला मी कळशीवर हात ठेवून नाय म्हनलेय.

परतीच्या दिशी दुपारी मी खुर्चीत बसले होते. वारा वाढला होता, बोट डुलत होती. विलास आला. एका हातात माजी बाटली, धुतलेली. दुसऱ्या हातात नवी, बंद.

"आई, हे घ्या. इकत आनलंय. थंड हाय."

"मला तहान नाय."

"तुमच्या त्या पान्याच्या बदली."

"त्याची बदली इकत घेता येत नाय, जावय."

तो खाली माज्या पायाशी बसला आनि म्हनाला, "ते पानी कशाला होतं, आई?"

एवढ्या वर्सांत कोनी असं पायाशी बसून इचारलं नव्हतं. मी सांगितलं, "तुमच्या सासऱ्याला. खांदेरीच्या बाहेर गेला तो. पान्यावाचून गेला."

विलास हातातल्या बाटलीचा कागद नखानं सोलत बसला. मंग म्हनाला, "मला सांगायचं ना."

"कोनालाच नाय सांगितलं. सुनंदाला पन नाय."

"मी लय मोठी चूक केली."

"तुमाला काय माहीत."

त्यानं दर्याकडं बघितलं आनि एकदम इचारलं, "आई, तुमच्या खोलीतल्या नळाला पानी येतं, ते कुठलं माहीत हाय?"

"मुंबैहून भरून घेतलं असंल."

"थोडं. बाकीचं हितंच करतात. खाली मशीन हाय. दर्याचं पानी आत घेतात, त्यातलं मीठ काढतात आनि गोडं पानी वर सोडतात. कंपनीत माजं काम तेच हाय, पान्याचा प्लांट. बोअरचं पानी येतं, त्यातले क्षार काढून बॉयलरला द्यायचं. नळ उघडला तवाच मला चवीवरनं कळलं."

एवढी वर्सं झाली लग्नाला, जावई कंपनीत काय करतो ते मला आज कळलं.

"मंग मिठाचं काय करतात?"

"परत दर्यात सोडतात."

मला हसू आलं. ह्या बोटीवर पहिल्यांदा आलं. जन्मभर आमी दर्याचं पानी वाफ्यात घेतलं, उनात उडवलं आनि मीठ ठेवलं. पाय फाटले, डोळे गेले, त्या मिठापायी. आनि हे लोक मीठ टाकून देतात आनि पानी ठेवतात. तीन दिस तो मचवा ह्याच पान्यावर होता.

"म्हंजे हे ह्याच दर्याचं?"

"ह्याच दर्याचं, आई. घरचं नाय, पन इकतचं पन नाय."

तो माज्या खोलीत गेला आनि नळाखाली बाटली काठोकाठ भरून घेऊन आला. खिशातला धुतलेला रुमाल काढला, बुचावर घातला. दोरा पुढं केला.

"गाठ तुमी मारा. मला नाय येत तुमची."

मी मारली. तो उठता उठता म्हनाला, "सकाळी खांदेरी किती वाजता येते ते मी इचारून येतो."

परतीची सकाळ

विलासनं दार वाजवलं तवा नुकतं उजाडत होतं. त्यानं मला मागच्या अंगाच्या त्याच जागी आनून सोडलं आनि म्हनाला, "मी तिकडं थांबतो." गानी बंद होती. ओल्या खुर्च्या उलट्या करून ठेवलेल्या. दर्या राखाडी. वारा पडला होता. लांब खांदेरीचा काळा ठिपका दिसायला लागला.

मी बाटली दोन्ही हातांत धरून उभी होते. मागं चपलांचा आवाज आला. सुनंदा. केस मोकळे, तोंड पांढरंफटक. बोट डुलत होती तशी तिला संध्याकाळपास्नं उलट्या होत होत्या, पोटात काय ठरत नव्हतं.

"आये, हितं हायस होय. तुज्या खोलीत जाऊन आले." ती कठड्याला धरून माज्या शेजारी टेकली. "पानी हाय का गो? घशाला कोरड पडलीय."

खोलीत नळ होता. विलास वीस पावलांवर उभा होता. मला म्हनता आलं असतं, जा, खाली जाऊन पी. खांदेरी समोर येत होती. मी एकदा दर्याकडं बघितलं, एकदा तिच्याकडं. पन्नाशीला आलेली बाई, नातवंडं खेळवायचं वय, पन ओठ दीड वर्साची होती तवासारखेच सुकलेले.

मी गाठ ओढली. एका झटक्यात सुटली. बाटली तिच्या हातात दिली.

"सावकाश पी."

तिनं तोंड वर करून वरून धार घेतली. गळा हलत होता तो मी बघत होते. मंग थांबली, पदरानं तोंड पुसलं आनि बाटली मला दिली.

"बास. घे, अर्धी उरलीय."

खांदेरी बाजूला आली होती. मी बाटली कठड्याबाहेर धरली आनि हळूहळू ओतली. खाली लांब होतं, आवाज आला नाय. धार वाऱ्यानं जरा तिरपी झाली, एवढंच.

"आये, काय करतेस?"

"तुज्या बापाला पानी देते."

तिनं माज्या हाताला हात लावला. बाटली रिकामी होईपर्यंत काढला नाय. विलासनं तिकडं तोंड फिरवलं होतं.

सुनंदा गो, बोटीवर मी तुला एवढंच सांगितलं. बाकीचं वर लिवलंय, आनि एक ऱ्हायलंय. तुजा बाप रिकामी मडकी घेऊन गेला त्या दिशी तू दोन-चार घोट घेतलेस आनि माज्या मांडीवर झोपलीस. उलटी थांबली. कळशीत अर्ध्याच्या वर पानी होतं. मी दारात आले तर मचवा अजून खाडीच्या वळनावर होता, शीड वर चढवत होते. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मला वाटलं, रात्री तुला परत लागलं तर?

मी घरात आले आनि कळशीवर ताट झाकलं.